पगार जास्त आहे म्हणून फॅफसा भरायचाच नाही का?

फॅफसा म्हणजे कॉलेजच्या खर्चासाठी मदत मागायचा फेडरल सरकारचा अर्ज. त्याबद्दल न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला, सीनियर इयरला आहे, २०२६ च्या फॉलमध्ये कॉलेजला जाईल. ती जन्माने अमेरिकन नागरिक. आई-बाबा दोघेही भारतीय पासपोर्टवर. बाबा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, आई ग्रीन कार्डच्या रांगेतल्या ईएडीवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, नोकरी करते. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साधारण १ लाख ६५ हजार डॉलर. पुण्यात वाकडला फ्लॅट आहे, त्यावर थोडं कर्ज बाकी आहे. गावी सासू-सासऱ्यांना दर महिन्याला पैसे जातात. त्या विचारतात, "एवढ्या पगारात काही मिळत नाही असं सगळे सांगतात, मग फॉर्म भरायचा कशाला? भरलाच तर पुण्याचा फ्लॅट दाखवायचा का? आणि माझ्या बहिणीचा मुलगा एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर आहे, त्याला काही मार्ग आहे का?"

कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात मी बरीच वर्षं काढली आणि आता घरोघरचे हे अर्ज पाहून देते. आधी सरळ उत्तरं देते. फॉर्म भरा. फ्लॅट दाखवा. भाच्याचा मार्ग वेगळा आहे, पण आहे. त्याचं शेवटी सांगते.

"एवढ्या पगारात काही मिळत नाही" हे वाक्य मंडळाच्या कार्यक्रमात, पॉटलकला, कारपूलमध्ये सगळीकडे ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे आणि त्या अर्ध्या भागापायी लोक हजारो डॉलर सोडून देतात. फेडरल सरकारची गरजेवरची मोठी मदत म्हणजे पेल ग्रँट. २०२५-२६ मध्ये ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती आणि तुमच्या उत्पन्नात ती मिळणार नाही, हे मान्य. पण मदत तीन-चार ठिकाणांहून येते: फेडरल सरकार, राज्य, स्वतः कॉलेज आणि बाहेरच्या स्कॉलरशिप. यातली सगळ्यात मोठी रक्कम बहुतेक वेळा कॉलेजच्या स्वतःच्या तिजोरीतून येते, आणि तिचे निकष प्रत्येक कॉलेजचे वेगळे. हार्वर्डने २०२५-२६ पासून २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन माफ केली आहे आणि १ लाखाच्या आतल्यांना तर राहणं-खाणंही. एमआयटीचंही धोरण जवळपास असंच आहे. दोन्ही ठिकाणी एक अट लक्षात ठेवा: घराची मालमत्ता नेहमीच्या प्रमाणातली हवी. वाकडच्या फ्लॅटचा संबंध इथे येतो, त्याकडे वळतेच.

हार्वर्डमध्ये प्रवेश मिळणं दुर्मिळ, हे मलाही कळतं. मुद्दा असा की वेबसाइटवर लिहिलेली वर्षाची ८५-९० हजारांची किंमत आणि तुमच्या घराला भरावी लागणारी किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी किंमत कॉलेजची यादी पक्की करण्याआधी काढायची असते. २०११ पासून फेडरल मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला आपल्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर ठेवणं बंधनकारक आहे. मुलीच्या यादीत बारा नावं असतील तर बाराही कॅल्क्युलेटर भरा. एका शनिवारी दुपारी, दोघांच्या २०२४ च्या टॅक्स रिटर्नची प्रत समोर ठेवून, मुलीला शेजारी बसवून. मुलीला शेजारी बसवायचं ते मुद्दाम. घरात किती पैसे आहेत आणि किती देता येतील, हे मुलांना एप्रिलमध्ये, प्रवेशपत्र हातात आल्यावर कळणं फार जिव्हारी लागतं. ऑक्टोबरमध्ये कळलं तर ती स्वतःच यादी शहाणपणाने बदलतात.

कॅल्क्युलेटर भरताना दोन तऱ्हेची कॉलेजं समोर येतील. एक, जी फक्त गरज पाहून देतात. सगळी आयव्ही लीग यात मोडते. तिथे गुणांवर स्कॉलरशिप नाहीच, मग मुलीचा एसएटी कितीही असो. दुसरी, जी चांगल्या मुलांना ओढून घेण्यासाठी गुणांवर सूट देतात. अलाबामा विद्यापीठासारखी काही सार्वजनिक विद्यापीठं जीपीए आणि टेस्ट स्कोअरनुसार किती सूट मिळेल ते उघड छापतात. तुमच्यासारख्या उत्पन्नाच्या घरांना ही दुसरी तऱ्हा बहुतेक वेळा जास्त कामाची ठरते, कारण गरजेच्या हिशोबात तुम्ही मधोमध सापडता: गरीब नाही आणि ९० हजार सहज भरण्याइतके श्रीमंतही नाही. यादीत अशी निदान तीन-चार नावं ठेवा. शेजारच्यांना ती नावं फारशी माहीत नसली तरी चालेल. तुमच्या राज्याचं विद्यापीठ, म्हणजे रटगर्स, तर यादीत हवंच.

आता फॉर्म. फॅफसा साधारण १ ऑक्टोबरच्या सुमारास उघडतो. २०२६-२७ चा सप्टेंबरअखेरीसच उघडला. तो दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न पाहतो, म्हणून २०२६-२७ साठी २०२४ चं रिटर्न. फॉर्म मुलीचा आहे: ती स्टुडंटएड डॉट गव्हवर आपलं खातं काढते, फॉर्म सुरू करते आणि पालकाला निमंत्रण पाठवते. तुम्ही जॉइंट रिटर्न भरत असाल तर एका पालकाचं खातं पुरतं. त्या पालकाने आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडून, माहिती घ्यायला संमती द्यावीच लागते. संमती नसेल तर फेडरल मदतीचा हिशोबच होत नाही. पालकाला फॉर्ममध्ये कॉन्ट्रिब्यूटर म्हणतात म्हणून काही जण घाबरतात. त्याने तुमच्यावर फी भरायचं कायदेशीर बंधन येत नाही, फक्त माहिती द्यायची असते. आणि पालक नागरिक नाहीत याने मुलीच्या पात्रतेला काही बाधा येत नाही. पात्रता तिची पाहतात. आई-बाबांचा व्हिसा कोणता, हे फॉर्म विचारतही नाही.

आपल्या घरांत फॉर्म अडतो तो नावापाशी. खातं काढताना नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर हे तिन्ही सोशल सिक्युरिटीच्या नोंदींशी जुळवून पाहिले जातात. आता आपली पद्धत बघा. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र. सोशल सिक्युरिटी कार्ड काढताना ते एकाच रकान्यात गेलेलं, तर बँकेत मधलं नाव वेगळं काढलेलं. आईचं कार्ड माहेरच्या आडनावाचं, ड्रायव्हिंग लायसन्स सासरच्या. मग फॉर्म "माहिती जुळत नाही" म्हणतो आणि डेडलाइनच्या आठवड्यात घरात गोंधळ उडतो. उपाय साधा आहे: सोशल सिक्युरिटी कार्ड कपाटातून बाहेर काढा आणि त्यावर जसं छापलंय तसंच, जागा-बिगा धरून, नाव टाका. पडताळणी आता बहुतेक वेळा लगेच होते, पण नाव जुळलं नाही तर दिवस जातात, म्हणून खाती सप्टेंबरमध्येच काढून ठेवा. आईकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तरी तिचं खातं निघतं, पण जॉइंट रिटर्न असेल तर बाबांच्या खात्यावरच काम भागवा.

याच्याच जवळची एक अडचण सांगते, ती तुमची नाही पण वाचणाऱ्या बऱ्याच जणांची असेल. मुलगा भारतात जन्मलेला, आई-बाबा नागरिक झाले तेव्हा तो अठराच्या आत होता, म्हणून तोही आपोआप नागरिक झाला. पण सोशल सिक्युरिटी ऑफिसात त्याची जुनी नोंदच राहिली. फॅफसा मग नागरिकत्व जुळत नाही असा शेरा मारतो. अशा वेळी त्याचा अमेरिकन पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचं प्रमाणपत्र कॉलेजच्या एड ऑफिसला दाखवायचं आणि सोशल सिक्युरिटीची नोंदही दुरुस्त करून घ्यायची. अर्ज बाद झालेला नसतो, फक्त थांबलेला असतो.

आता वाकडचा फ्लॅट.

तुम्ही राहता ते घर फॅफसा मोजत नाही. निवृत्तीची खाती, म्हणजे ४०१-के आणि आयआरए, हीसुद्धा मोजत नाही. बाकीची स्थावर मालमत्ता मोजतो, मग ती पेनसिल्व्हेनियात असो की पुण्यात. फॉर्म भरता त्या दिवशीची बाजारातली किंमत, वजा त्यावरचं कर्ज, आणि तुमचा जेवढा हिस्सा तेवढाच. समजा फ्लॅट आज ९० लाखांना जाईल आणि ३० लाख कर्ज बाकी आहे. उरले ६० लाख. डॉलर ८८ रुपये धरला तर साधारण ६८ हजार डॉलर. पालकांच्या मालमत्तेतून मदतीच्या हिशोबात जास्तीत जास्त ५.६४ टक्के धरले जातात. म्हणजे या फ्लॅटमुळे तुमचा स्टुडंट एड इंडेक्स, म्हणजे मदतीच्या हिशोबासाठी काढलेला घरच्या ऐपतीचा आकडा, वर्षाला सुमारे ३,८०० डॉलरने वाढतो. जास्त आहे, पण लोकांना वाटतं तसा अख्खा फ्लॅट कोणी फीमध्ये धरत नाही. पेल मिळणारच नसेल तर फेडरल मदतीत याने काडीचाही फरक पडत नाही.

लपवण्याचा विचार मात्र मनातून काढून टाका, आणि हे मी नुसतं नीतीच्या नावाने म्हणत नाही. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर त्याचं भाडं तुमच्या अमेरिकन रिटर्नमध्ये शेड्यूल ई वर असायला हवं. भारतातल्या बँक खात्यांत सगळी मिळून १० हजार डॉलरच्या वर रक्कम गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो आणि एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या, खात्याचं व्याज शेड्यूल बी वर येतं. मोठी खासगी कॉलेजं पूर्ण रिटर्नच्या प्रती मागवतात. शेड्यूल ई वर पुण्याचं भाडं दिसतंय आणि अर्जात मालमत्ता शून्य, ही विसंगती एड ऑफिसातल्या माणसाच्या नजरेला पहिल्या पाच मिनिटांत येते. त्यानंतर तो तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही, आणि पुढे अपील करायची वेळ आली तर तोच माणूस समोर असतो. फॉर्मवर खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हाही आहे.

वडिलोपार्जित शेतीचं विचारणारेही पुष्कळ असतात. सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर तुमच्या हिश्शाची किंमत लिहायची. जमीन काका-आत्यांसकट सामाईक असेल आणि विकता येण्याजोगी नसेल, तर कॉलेजला वेगळं पत्र लिहून ते सांगायचं आणि उताऱ्याची प्रत इंग्रजी अनुवादासह जोडायची. जमीन अजून सासऱ्यांच्याच नावावर असेल तर ती तुमची मालमत्ता नाही, लिहायची गरजही नाही.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे प्रेमापोटी केली जाते. मुलीच्या नावावर पैसे ठेवणं. आजीने वाढदिवसाला दिलेले, बारशापासून साठवलेले, सगळे यूटीएमए, म्हणजे मुलाच्याच मालकीच्या, खात्यात. विद्यार्थ्याच्या नावावरच्या मालमत्तेतून २० टक्के धरले जातात. १० हजार डॉलर तिच्या नावावर असतील तर २,००० चा फरक पडतो, तेच तुमच्या नावावरच्या ५२९ या शिक्षणासाठीच्या बचत खात्यात असतील तर जेमतेम ५६४ चा. धाकटं भावंड असेल तर त्याच्यासाठी आतापासूनच ५२९ मध्ये ठेवा.

सासू-सासऱ्यांना पाठवता त्या पैशांबद्दल फॅफसात जागा नाही. कुटुंबाच्या संख्येत फक्त तुमच्याबरोबर राहणारी आणि निम्म्याहून अधिक खर्च तुमच्याकडून होणारी माणसं धरतात. गावी राहणारे सासू-सासरे त्यात बसत नाहीत. पण काही कॉलेजं मागतात त्या सीएसएस प्रोफाइल या दुसऱ्या अर्जात विशेष परिस्थिती लिहायला जागा असते. तिथे वर्षाला किती रक्कम जाते, कशासाठी जाते, सासऱ्यांच्या औषधपाण्याचा खर्च किती, हे दोन-तीन ओळींत आकड्यांसकट लिहा आणि बँकेतून पाठवलेल्या रकमांची वर्षाची यादी तयार ठेवा. सगळी कॉलेजं ते धरतील असं नाही. काही धरतात. न लिहिलं तर कोणीच धरणार नाही.

सीएसएस प्रोफाइल म्हणजे कॉलेज बोर्डचा वेगळा, बारकाईचा अर्ज. बरीच मोठी खासगी आणि काही सार्वजनिक विद्यापीठं तो मागतात. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६; १ लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना फुकट. फॅफसाला मात्र कधीच पैसे पडत नाहीत, आणि पैसे मागून तो भरून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. सीएसएस राहत्या घराची किंमतही विचारतो. ती मोजायची की नाही, हे कॉलेज ठरवतं. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने २०२५-२६ पासून राहतं घर मोजणं बंद केलं, बाकी कित्येक अजून मोजतात. एकाच वेळी दोन मुलं कॉलेजात असतील तर फॅफसा २०२४-२५ पासून त्याची सवलत देत नाही. सीएसएस मागणारी काही कॉलेजं अजून देतात. म्हणून तेच घर, तेच उत्पन्न, आणि दोन कॉलेजांच्या उत्तरांत वर्षाला १५ हजारांचा फरक हे मला आता नवं वाटत नाही.

डेडलाइन प्रत्येक कॉलेजची वेगळी, प्रवेशअर्जाची वेगळी, एडची वेगळी आणि राज्याचीही वेगळी. कॅलिफोर्नियात कॅल ग्रँटची, म्हणजे तिथल्या राज्याच्या मदतीची, तारीख एरवी २ मार्च असते. न्यू जर्सीत राज्याची मदत हेसा ही सरकारी संस्था पाहते, तिचं पान उघडून तारीख लिहून घ्या. फ्रिजवर एक कागद लावा आणि प्रत्येक कॉलेजसमोर या सगळ्या तारखा लिहा.

अर्ली डिसिजनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तो बंधनकारक असतो, म्हणजे एकाच कॉलेजला आधी अर्ज करायचा आणि लागलं तर तिथेच जायचं, आणि तिथे लागल्यावर दुसऱ्या कॉलेजांचे आकडे शेजारी ठेवून बघायची संधी जाते. एड अपुरी पडली तर सुटका मागता येते, हे खरं. पण डिसेंबरात आनंदाने नाचणाऱ्या मुलीला "नाही" म्हणायला कोणता बाप धजावेल? कॅल्क्युलेटरचा आकडा तुम्हाला पेलत असेल, आणि तो चार वर्षांसाठी पेलत असेल, तरच अर्ली डिसिजन करा.

मार्च-एप्रिलमध्ये एडची पत्रं येतील तेव्हा शांतपणे बसा. २०२२ मध्ये अमेरिकन संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने, जीएओने, ही पत्रं तपासली. सुमारे ९१ टक्के कॉलेजं खरी निव्वळ किंमत सांगतच नाहीत किंवा कमी दाखवतात, असं त्यांना आढळलं. पत्रात वर मोठ्या अक्षरांत "तुमचा पुरस्कार ४१,००० डॉलर" असतं आणि त्यात कर्जही मिसळलेलं असतं. तुम्ही स्वतः करायचं ते एवढंच: वर्षाचा पूर्ण खर्च घ्यायचा, म्हणजे ट्यूशन, फी, राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास, आणि त्यातून फक्त ग्रँट आणि स्कॉलरशिप वजा करायची. वर्क-स्टडी वजा करायची नाही, ती मुलगी काम करेल तेव्हा मिळते. कर्ज तर मुळीच नाही. उरलेला आकडा चारने गुणा आणि प्रत्येक स्कॉलरशिपसमोर विचारा, ही चारही वर्षं आहे का आणि जीपीए किती टिकवावा लागतो?

कर्जाचंही इथेच सांगते. फॅफसा भरलेल्या पात्र विद्यार्थ्याला, घरची गरज नसली तरी, फेडरल डायरेक्ट लोन मिळतं: पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे ७,५००, एकूण मर्यादा ३१,०००. नुसतं एवढ्यासाठीही फॅफसा भरावा, कारण खासगी कर्जाला पालकाची सही लागते आणि अटी कडक असतात. पेरेंट प्लसला, म्हणजे पालकांनी घ्यायच्या फेडरल कर्जाला, १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी मर्यादा लागली आहे, मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार. पण ते कर्ज पालकांपैकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल त्यालाच मिळतं, म्हणून तुमच्या घरात सध्या तो मार्गच बंद आहे. हे आता कळलेलं बरं. एप्रिलमध्ये त्याच्यावर हिशोब बांधून बसू नका.

आणि अपील. २०२४ चं उत्पन्न आणि आजची परिस्थिती सारखी नसेल तर एड ऑफिसला लिहिता येतं. नोकरी गेली, आरएसयू, म्हणजे कंपनीने मोबदल्यात दिलेले शेअर, एकदाच विकून रिटर्न फुगलं, मोठं आजारपण आलं, काहीही. कॉलेजने अशा सगळ्या विनंत्या सरसकट नाकारायचं धोरण ठेवायचं नाही, असं कायदाच सांगतो. एच-वन-बीवर लेऑफ झाला तर आपली माणसं दुसरी नोकरी शोधायच्या साठ दिवसांच्या मुदतीच्या चिंतेत एवढी बुडतात की कॉलेजला कळवायचं राहूनच जातं. कळवा, त्याच आठवड्यात. पत्र एका पानाचं असावं: काय बदललं, कोणत्या तारखेला, २०२४ मध्ये किती होतं, २०२६ मध्ये किती अपेक्षित आहे, आणि किती मदत मिळाली तर मुलगी येऊ शकेल. सोबत कंपनीचं पत्र, शेवटची पे स्टब, सेव्हरन्सचा कागद. "आमची मुलगी फार हुशार आहे" हे लिहू नका, ते प्रवेश देणाऱ्यांनी पाहिलेलंच असतं. एड ऑफिसातला माणूस फाइलमध्ये लावण्यासारखा कागद शोधत असतो; तो त्याच्या हातात द्या. दुसऱ्या तशाच कॉलेजने जास्त दिलं असेल तर ते पत्रही जोडा. काही कॉलेजं त्यावर पुन्हा विचार करतात.

आता भाचा. एच-फोरवरच्या मुलाला फेडरल मदत मिळत नाही, ना पेल, ना कर्ज, ना वर्क-स्टडी, मग तो बालवाडीपासून इथे शिकलेला का असेना. त्याने तीन गोष्टी पाहाव्यात. एक, राज्याच्या विद्यापीठात इन-स्टेट ट्यूशन, म्हणजे त्या राज्यातल्या रहिवाशांसाठीची कमी फी. अनेक राज्यांत एच-फोरवरच्या रहिवाशांना ती मिळते, पण त्या-त्या विद्यापीठाच्या रेसिडेन्सी ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं, फोनवरच्या उत्तरावर विसंबू नये. दोन, गुणांवर मिळणाऱ्या स्कॉलरशिपमध्ये नागरिकत्वाची अट आहे का ते प्रत्येक ठिकाणी वाचावं, कित्येकांत नसते. तीन, ज्या कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्यांनाही पैशांचा विचार न करता प्रवेश देतात आणि पूर्ण गरज भागवतात, तिथे सीएसएस प्रोफाइल भरून अर्ज करावा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ॲमहर्स्ट आणि बोडन ही त्यातली. तिथे लागणं अवघड, पण लागला तर व्हिसा आड येत नाही.

त्याच्या आई-बाबांनी एक तारीख आजच काढून ठेवावी: तो २१ चा कधी होतो. त्या दिवशी एच-फोर संपतं आणि कॉलेजच्या मधल्या वर्षात एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जावं लागू शकतं. तसं झालं तर इन-स्टेट दर टिकेल का, दिलेली स्कॉलरशिप चालू राहील का, हे दोन प्रश्न विद्यापीठाला प्रवेश घेण्याआधी लेखी विचारावेत आणि उत्तरं जपून ठेवावीत.